सरासरी आणि मागचे बाक

आम्ही सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. सट्टा आम्हांस सेवानियमांनीच वर्ज्य. परंतु इंदूरच्या आमच्या घरी सव्वानऊला बाजार उघडला, की चिरंजीवांचा चहा निवतो. शेअर त्याच दिवशी घ्यायचे, त्याच दिवशी विकायचे, असा त्यांचा उद्योग. गेल्या श्रावणात निफ्टी चढताना पाहून त्यांनी घाईने खरेदी केली आणि दुपारपर्यंत महिन्याच्या किराण्याइतकी रक्कम घालवली.

रात्री चूक त्यांनीच उलगडली. निर्देशांक ५० कंपन्यांचा खरा, पण सर्वांचे वजन सारखे नाही. दोनतीन मोठ्या बँका वधारल्या तरी तो वर जातो. त्या सकाळी चढलेल्या शेअरांच्या दुप्पट उतरलेले होते. आम्हांस निकालपत्रकच आठवले! चार हुशार मुले वर्गाची सरासरी उचलतात आणि मागच्या बाकांवरचे नापास तिच्याआड दडतात.

आता ते पहिला अर्धा तास हात आवरून चढ-उतारांचे गुणोत्तर पाहतात. ते निर्देशांकाला साथ देत असेल तरच खरेदी. तरीही, २०२२-२३ मध्ये अशी एकदिवसीय उलाढाल करणाऱ्या दर दहांपैकी सात जण तोट्यात गेले, हे सेबीच्या २०२४ च्या अभ्यासाचे कात्रण आम्ही त्यांच्या मेजावर ठेवले. त्यांनी ते वाचून मुकाट्याने घडी घातली. काल मात्र दिवसभर काहीच घेतले नाही.