धुईतली काच

मुधोळचा पत्ता आम्ही अजून सवयीने आदिलाबाद जिल्हा असाच सांगतो, २०१६ साली निर्मल जिल्हा वेगळा झाला तरी. थंडीपुरती ती सवय बरोबरच आहे म्हणा. तेलंगणात कडाक्याचा विषय निघाला की आधी आदिलाबादचंच नाव येतं. इथे बर्फ पडत नाही. तरी भाड्याची गाडी चालवणाऱ्या मला पावसाळ्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतली पहाटच जास्त छळते.

धुई एकटी आली असती तर चाललं असतं. पण तेच दिवस कापसाचे. भैंशाकडे कापसाने फुगलेले ट्रॅक्टर आणि ट्रक चाललेले असतात, त्यांच्या मागे काळ्या मातीची धूळ. धुईचे बारीक थेंब आणि ही धूळ काचेवर एक झाली की नुसता वायपर मारून काच पुसली जात नाही, सारवली जाते. समोरून दिवे आले की त्या सारवणात सगळा रस्ता बुडतो. म्हणून आधी पिचकारी, काच नीट भिजली की मग वायपर. कोरड्या काचेवर रबराखाली कचकच अडकते आणि काचेला कमानीसारखा ओरखडा पडतो. रात्री तो कळत नाही. बासरच्या वाटेवर ऊन डावीकडून तिरपं आलं, की तेवढाच दिसतो.

वसंत पंचमीला धर्माबाद, उमरीकडची माणसं लेकरांना अक्षराभ्यासाला बासरला नेतात. अंधारातच निघायचं, गाडी गच्च भरलेली, शाली-स्वेटर, सगळ्या काचा वर. थोडं अंतर गेलं की काच आतून दुधासारखी होते. वायपर बाहेरून कितीही फिरवा, उपयोग शून्य. पुढे बसलेले पाहुणे रुमालाने पुसायला लागतात. त्याने फराटे तेवढे उठतात. मी गरम हवेची कळ फिरवतो, झोत काचेवर घेतो आणि सोबत एसीही लावतो.

"अरे लेकरा, थंडीत एसी कशाला लावतोस? पोरगं गारठलं की!" मागून एका आजींनी दटावलंच.

"आजी, हवा गरमच येते, हात लावून बघा."

एसीच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन गळून जाते, आणि तीच कोरडी हवा पुढे तापून काचेवर येते. आजींना हे सगळं सांगत बसलो नाही. त्यांनी हात पुढे केला. तोवर काच खालच्या कडेपासून वर मोकळी होत चालली होती.

वायपर म्हणजे पावसाची वस्तू, हा समज काही जात नाही. खरं तर त्याचा जन्मच थंडीतला. न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षावात ट्रामवाल्याची काचेपायी झालेली पंचाईत मेरी अँडरसन या बाईंनी पाहिली आणि १९०३ साली आतून दांडीने फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. थंड मुलखात पिचकारीच्या टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळतात. आमच्या टाकीचा वैरी निराळा: बोअरचं जड पाणी. पिचकारीच्या भोकात पांढरी खर धरते आणि ऐन वेळी धार बॉनेटवरच ओघळते. शिवणाची सुई घालून भोक मोकळं करावं, टाकीत फिल्टरचं पाणी भरावं. साबणाची पावडर टाकणारे पुष्कळ आहेत. फेस होतो आणि काचेवर पट्टे राहतात. शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात.

रबराचं मरण मात्र उन्हाळ्यातच ओढवलेलं असतं. मे महिन्यात तापलेल्या काचेला चिकटून ते कडक होतं, पावसाळा कसाबसा काढतं आणि थंडीत कुरकुर करत रेघा सोडतं. तेव्हा नवं घ्यायला गेलो की दुकानदार हसतो, "थंडीत वायपर कोण मागतं, भाऊ?" आणि खुंटीवरचा, धूळ खाल्लेला, जूनमध्ये उरलेला जोड काढून देतो. तो बोटाने वाकवून पाहिला तर कडेला बारीक चिरा. आता मी जूनमध्येच, ताजा माल येतो तेव्हा, दोन जोड घेतो. एक लावतो, दुसरा घरात, उन्हापासून लांब, कपाटावर आडवा ठेवतो. दिवाळी झाली की तो काढायचा.