मोठ्या दलदलीतलं घर

'तोआ पायोह' म्हणजे काय, असं आमच्या आप्पांनी विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच विचारलं. 'तोआ' म्हणजे होक्किएन भाषेत मोठं आणि 'पायोह' आलं मलय 'पाया'वरून, म्हणजे दलदल, हे आम्ही उत्साहानं सांगून टाकलं. आप्पा जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "सांगली पाण्यात गेली म्हणून आम्हाला दलदलीत आणलंत होय!"

ही गोष्ट डिसेंबर २०१९ ची. त्याच ऑगस्टात सांगलीच्या गावभागातलं आमचं घर कृष्णेच्या पाण्यात होतं. सांगलीकर पूर फुटांत मोजतो. आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली ५३ फूट ९ इंच झालं तेव्हा आमच्या ओसरीवर घोटाभर पाणी होतं. आप्पांनी भिंतीत खिळा ठोकून त्याची खूण केली होती, आणि २०१९ ची सगळी तयारी त्या खिळ्याच्या हिशोबानं. धान्याचे डबे टेबलावर, फ्रीज विटांवर, कागदपत्रं कपाटाच्या मधल्या कप्प्यात. पाणी गेलं ५७ फूट ६ इंचांवर. फ्रीज आडवा होऊन तरंगला, गॅसचं सिलिंडर स्वयंपाकघरातून ओसरीवर आलं. आई-आप्पा दोन रात्री माडीवर होते, मग बोटीनं विश्रामबागला आत्याकडे.

आम्ही पोचलो तोवर पाणी पार उतरलं होतं. शेजाऱ्यांनी उतरत्या पाण्याबरोबरच खराट्यानं गाळ बाहेर ढकलला होता. आमच्या बंद घरात तो बसून घट्ट झालेला. चार दिवस फावडं आणि घमेली. पंचनामा होईपर्यंत काही फेकायचं नाही, म्हणून कुजलेल्या गव्हाशेजारीच चहा प्यायचा. आम्ही सिंगापूरहून पैसे पाठवून करवलेलं प्लायवुडचं फर्निचर भिजल्या बिस्किटासारखं सुटलं. आजोबांचं सागवानी कपाट नुसतं फुगलं, महिन्याभरानं उघडलं. आतल्या कागदांचा मात्र लगदा. आणि पंपाची मोटर नीट वाळू न देता सुरू करून जाळली ती परदेशात एम.एस. केलेल्या इंजिनिअर चिरंजीवांनी. हे आप्पांनी तोआ पायोहच्या निम्म्या शेजाऱ्यांना सांगून झालंय.

इथं त्यांचं पहिलं लक्ष गेलं ते व्हॉइड डेककडे. "खाली कोण राहतं?" कोणीच नाही. खांब, बाकं, कधी मलय लग्नाचा थाट, कधी चिनी मयताची बैठक. ही जागा पुरासाठी नाही, माणसांनी एकमेकांना भेटावं म्हणून मोकळी ठेवलीय, हे आम्ही समजावून पाहिलं. "कशासाठी का असेना," आप्पा म्हणाले, "पाण्यानं न्यावं असं तिथं काही ठेवलेलं नाही."

एका दुपारी इथला तो धो धो पाऊस सुरू झाला, तसे आप्पा छत्री उघडून कलांग नदीवर निघाले. नदी कसली, काँक्रीटचा कालवाच! भराभरा चढली आणि पाऊस थांबल्यावर तशीच उतरली. त्यांची जरा निराशाच झाली. पलीकडच्या पोटाँग पासिरची शेतं पूर्वी पाण्याखाली जात, हे ऐकून मात्र कान टवकारले. २ डिसेंबर १९७८ ला सिंगापुरात एका दिवसात ५१२ मिलिमीटर पाऊस पडला, सात माणसं गेली. इथले कालवे रुंद-खोल करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय. तरी १६ जून २०१० ला ऑर्चर्ड रोडच्या दुकानांत पाणी शिरलंच. ७ ऑक्टोबर २०१७ ला तर आमच्याच ब्रॅडेल स्टेशनाजवळच्या बोगद्यात, पंप न चालल्यानं, पाणी साचलं आणि दुसऱ्या दुपारपर्यंत गाड्या बंद होत्या.

"म्हणजे यांचाही खिळा चुकतो," आप्पा म्हणाले. बहुधा मनात तेव्हाच ठरलं असावं.

फेब्रुवारीत परत गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघर माडीवर नेलं, खालचे स्विचबोर्ड डोक्याच्या वर घेतले, कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत घालून पोटमाळ्यावर टाकली. खाली उरला झोपाळा आणि दोन खुर्च्या. आईनं आठ दिवस अबोला धरला. तिचे गुडघे दुखतात, जिना चौदा पायऱ्यांचा, आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी ओसरीवर येणाऱ्या. "तुमचं सामान वाचेल, मी एकटी पडेन," ती फोनवर म्हणाली. आम्हाला उत्तर सुचलं नाही. दहाव्या मजल्यावर बसून सल्ले देणं सोपं असतं. इथं लिफ्ट आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. कोविडमुळे आम्हाला हलता येईना. आप्पा तासातासाला फोनवर आकडे सांगत होते, रेडिओवरच्या स्कोअरसारखे: पन्नास, बावन्न, शेवटी पंचावन्नच्या आसपास. खाली गुडघ्याच्या वर पाणी. खुर्च्या वर नेल्या होत्या, झोपाळा कड्यांवरून काढला होता. पाणी उतरू लागताच दोघांनी माणसं लावून गाळ ढकलला आणि तिसऱ्या दिवशी ओसरी धुऊन मोकळी.

आई आता सकाळी एकदाच खाली उतरते आणि दिवेलागणीलाच वर जाते. दुपारच्या चहाचा थर्मास आप्पा खाली नेतात. देवघर वर गेलं, पण तुळस हलवायला तिनं साफ नकार दिला. आप्पांनी कुंडीला दोन कड्या बसवून घेतल्यात, उचलायला.