पुटकुळी जाईल, तीळ राहील

गिऱ्हाइकाचा चेहरा रिटच करणं सोपं असतं. तो पैसे देतो, फोटो नेतो, विषय संपतो. घरच्या माणसाचा चेहरा स्क्रीनवर उघडला की मात्र अख्खं खानदान खांद्यावरून डोकावायला लागतं. आत्याला सुरकुत्या नको असतात, तिच्या लेकाला आई आईसारखीच दिसायला हवी असते, आणि भाचीला हवा असतो फोनच्या फिल्टरमधला गुळगुळीत गाल. सगळ्यांचं ऐकलं तर फोटोत माणूस उरत नाही.

म्हणून माझा हिशोब ठरलेला आहे. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार ते काढायचं, जे राहणार ते ठेवायचं. हळदीच्या आदल्या रात्री हनुवटीवर उगवलेली पुटकुळी, डास चावल्याची गांध, दाढी करताना भावाने कापून घेतलेला गाल, यांच्यावर हीलिंग ब्रश बिनदिक्कत फिरवावा. तीळ, चामखीळ, लहानपणीची खोक, आजीच्या हनुवटीवरचं गोंदण यांना हात लावायचा नाही. देवीच्या व्रणांनाही नाही. 1977 साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या चेहऱ्यावर आता हे व्रण दिसायचेच नाहीत. फोनमधलं ॲप त्यांना डाग समजून एका फटक्यात पुसून टाकतं.

काही गोष्टी या हिशोबात बसत नाहीत. माझ्या मावशीच्या कपाळावर टिकलीच्या गोंदामुळे पांढरा ठिपका पडलाय. तो जाणारा नाही, पण तिला आवडतो असंही नाही. अशा वेळी सरळ विचारावं. मी विचारलं, तर म्हणाली, “राहू दे गं, नाहीतर सगळ्या जणी डॉक्टरचा पत्ता मागत बसतील.”

आता हाताचं काम. त्वचेत दोन गोष्टी असतात: एक पोत, म्हणजे रंध्रं, लव, बारीक रेषा, आणि दुसरी रंगछटा. बिघडतं ते पोत पुसल्यामुळे. ब्लर मारला की गाल मेणाचा होतो, आणि त्याच फोटोत पैठणीची जर तार न् तार मोजता येते, म्हणून ते डोळ्यांना लगेच खुपतं. मी पोताला शक्यतो धक्का लावत नाही. वर करड्या रंगाचा एक लेयर घेऊन, तो सॉफ्ट लाइटवर ठेवून, काळपट जागा अगदी हलक्या ब्रशने उजळते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं वेगळ्या लेयरवर दुरुस्त करते आणि मग त्याची ओपॅसिटी निम्म्यावर आणते. तिथली सावली पूर्ण घालवली तर खोबण सपाट होते आणि डोळे वरून चिकटवल्यासारखे दिसतात. गळ्याकडेही बघावं लागतं. चेहरा चाळिशीचा आणि गळा साठीचा, असे फोटो हॉलच्या दाराशी लावलेल्या फ्लेक्सवर हवे तेवढे सापडतील. आणि झूम! चारशे टक्क्यांवर कुणाचीच त्वचा चांगली दिसत नाही. शंभरवर या, खुर्ची मागे सरकवा, मगच ठरवा.

हीलिंग ब्रश फोटोशॉपमध्ये 2002 साली आला, पण हा उद्योग त्याच्या फार आधीचा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे गालावरची साधी लालीसुद्धा प्रिंटमध्ये काळी उतरायची. मग रिटचर निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलने बारीक ठिपके द्यायचा. तेवढ्या जागी उजेड अडायचा आणि प्रिंटवर ती जागा उजळ यायची. हात जड पडला तर निगेटिव्हच खराब. त्या भीतीमुळे माणसं बेताने काम करत. आम्हाला कंट्रोल झेड आहे, म्हणून आमचे हात सैल सुटलेत.

“जरा उजळ कर ना,” ही मागणी घरातूनच येते, बहुतेकदा स्थळासाठी फोटो पाठवायचा असतो तेव्हा. सावळ्या चेहऱ्यावरची तेलकट चमक मी कमी करते, एक्सपोजर कमी पडलं असेल तर सावरते. त्यापुढे नाही. मांडीवर ठेवलेले हात सावळे आणि चेहरा गोरा, हे बघणाऱ्याला कळतंच. शिवाय मुलगी शेवटी समोर जाऊन बसणार असते.

सर्वांत अवघड काम हार घालायच्या फोटोचं. पासपोर्ट फोटोवरून किंवा एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करायचा असतो, आणि ज्याचा चेहरा त्याला विचारायची सोय उरलेली नसते. अशा वेळी मी फक्त घडी, ओरखडे आणि बुरशी काढते. काकांचा फोटो करताना कुणीतरी म्हणालं, “दहा वर्षांनी तरुण कर.” काकूने ते होऊ दिलं नाही.

एक विनंती. घरचा कुठलाही फोटो ॲपमधून काढलात किंवा आमच्यासारख्यांकडून करून घेतलात, तरी मूळ फाइल डिलीट करू नका. तिला नाव आणि तारीख द्या, आणखी एका ठिकाणी कॉपी ठेवा. कुणी पुसलेला तीळ उद्या नातवंडांना बघायचा झाला, तर तो फक्त तिच्यातच सापडेल.