घर वाढवताय? आधी पायाचा हिशेब मांडा

घराला एखादी खोली वाढवायची ठरली, की आपलं मन थेट फरशीवर, रंगावर आणि खिडकीच्या पडद्यांवर जाऊन बसतं. साहजिकच आहे. जे रोज डोळ्यांपुढं राहणार, तेच आधी सुचणार. पण खोली उभी राहते ती जमिनीखाली गाडलेल्या पैशावर. वर माती लोटली, की तो पैसा परत मोजता येत नाही नि त्यात भरही घालता येत नाही. म्हणून घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या आपणच त्यात लक्ष घालायला हवं.

आम्ही लातूरला राहतो. घर बैठं, तीन खोल्यांचं, विटांच्या भिंतींचं. सासूबाईंचे गुडघे पार गेले. मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत जाणंही त्यांना जड होऊ लागलं. तेव्हा बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर-संडास बांधायचं ठरलं. पुढंमागं मुलासाठी त्यावर मजला चढवता यावा, हीही इच्छा होतीच. बँकेचं कर्ज आणि आमची शिल्लक मिळून सहा लाख रुपये. त्यावर एक रुपयाही कुठून येणार नव्हता.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात ‘पाया व आर.सी.सी.’ अशी एकच ओळ होती आणि तिच्यापुढं एकच भलामोठा आकडा! वाण्याने नुसतं ‘किराणा’ लिहून बिल पाठवलं, तर आपण पैसे देऊ का? मी ती ओळ फोडून मागितली. खोदाई वेगळी, काँक्रीट वेगळं, लोखंड, सेंट्रिंग आणि मजुरी वेगळी. महानगरपालिकेच्या परवानगीचा खर्च आणि नकाशे करणाऱ्या इंजिनिअरांची फीसुद्धा वहीत पहिल्याच पानावर लिहिली. हे दोन खर्च अंदाजपत्रकात येत नाहीत, पण खिशातून जातातच.

इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांत आधी एक खड्डा खणून बघायला सांगितलं. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या भिंतींना भेगा पाडते. पाया या मातीतून खाली, कठीण मुरमापर्यंत न्यावाच लागतो. अंदाजपत्रकात ३ फूट खोदाई धरली होती; मुरूम लागला ५ फुटांवर. दोन गड्यांची एका दिवसाची मजुरी गेली, पण पुढचा धक्का टळला. तेव्हा खड्डा आधी, अंदाजपत्रक नंतर. शिवाय ‘ठरल्यापेक्षा खोल जावं लागलं, तर दर फुटाला किती?’ हे आधीच लिहून घ्यावं.

आता लोखंडाचा हिशेब. ऐकून घाबरू नका, साध्या पावभाजीच्या बेतापेक्षा अवघड नाही. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम भरते. म्हणजे १२ मीटरची अख्खी सळई साधारण १० किलो ६५० ग्रॅम. वजनात थोडाफार फरक चालतो, पण गाडी रिकामी झाल्यावर सळ्या मोजा, गुणाकार करा आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघा. दर विचारताना जीएसटी धरून की सोडून, तेही विचारा. बांधायची तार आणि कापताना वाया जाणारे तुकडे वेगळे धरा.

खोदाईत पैसे वाढल्यावर कंत्राटदार म्हणाला, “वहिनी, कॉलममध्ये बाराऐवजी दहाची सळई टाकू, भागतंय.” ह्यांनाही ते पटू लागलं होतं. मी वही उघडली. कॉलम सहा, प्रत्येकात सहा उभ्या सळ्या, एकेक सुमारे ५ मीटरची. एकूण १८० मीटर. बाराच्या सळईने १६० किलो, दहाच्या सळईने १११ किलो. वाचणार ४९ किलो! किलोला ६० रुपये धरले तरी तीन हजारांच्या आतच. त्यासाठी कॉलमचं लोखंड जवळजवळ तीस टक्के कमी होणार. कॉलमची उभी सळई १२ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी, असं आयएस ४५६ या भारतीय मानकातच आहे, हे साहेबांनी नंतर सांगितलं.

सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट त्यांच्या मनातून गेलेली नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. एकमेकींना न बांधलेल्या त्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या एवढंच बोलल्या, “भितीला टाइल मागनं लावता येती. खालचं परत बघाया मिळतंय का?” ह्यांनी मुकाट्याने यादीतून पीओपीचं छत नि न्हाणीघरातल्या छतापर्यंतच्या टाइल्स खोडल्या. टाइल्स चार फुटांवर थांबल्या, सळई बाराचीच राहिली.

आणखी एक गोष्ट, जी जुन्या घराला नवं जोडताना हमखास विसरते. जुनं घर बसायचं तेवढं कधीच बसलेलं असतं. नवं अजून बसणार असतं. दोन्ही घट्ट सांधली, तर जोडावर भेग ठरलेली. आमच्याकडे मध्ये इंचभर फट ठेवून वरून पाणी शिरणार नाही अशी झाकली. जुन्या पायालगतची खोदाईही एकदम न करता एकेक खड्डा खणून, भरून मगच दुसरा घेतला.

पाया भरायच्या दिवशी घरीच थांबा. सळ्या मातीवर टेकलेल्या नकोत; फुटिंगच्या जाळीखाली ५० मिलिमीटरचे ठोकळे असले पाहिजेत. रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत. काँक्रीटवर निदान सात ते दहा दिवस पाणी हवं. नळाला रोज पाणी नसेल, तर टँकरचे पैसेही अंदाजपत्रकात लिहा. आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाजूला बांधून ठेवा; जमिनीच्या वर काम येईपर्यंत त्याला हात लावू नका. तो उरलाच, तर पडदे मनासारखे घ्या!