डी-५०३ ची वही

येवगेनी झाम्यातिन यांच्या ‘आम्ही’ कादंबरीतल्या शहरात घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत. घास पन्नास वेळा चावायचा, तोही सगळ्यांनी एका तालावर. शय्यासोबतीच्या परवान्याची गुलाबी चिठ्ठी हाती असेल तेवढा वेळच पडदे ओढायची मुभा.

मला मात्र या काचांहून एक वही जास्त छळते. डी-५०३ हा गणिती, अवकाशयान बांधणारा. राज्यानं स्तुती लिहून मागितली म्हणून तो लिहायला बसतो. त्याची श्रद्धा खरी आहे, आणि तरीही वहीत भलतंच उतरू लागतं: आय-३३० या बंडखोर स्त्रीचं बोचरं हसू, स्वतःच्या केसाळ हातांची लाज, उणे एकच्या वर्गमुळाची शाळेपासून मनात बसलेली धास्ती. त्याला स्वप्नं पडायला लागतात. डॉक्टर निदान करतात, तुमच्यात आत्मा तयार झालाय. इथे मी दर वाचनात थांबते. ज्या राज्यानं एकांत हिरावला, त्यानंच स्तुतीच्या हव्यासापायी एका माणसाला कागदासमोर एकटं बसवलं. पुढचं सगळं त्यातून घडलं, असं मला ठामपणे वाटतं.

झाम्यातिन स्वतः जहाजांचे अभियंता. १९१६-१७ मध्ये इंग्लंडात रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधली जात होती, तिथे ते देखरेखीला होते. यंत्राची शिस्त त्यांना ठाऊक होती, आवडतही असावी. म्हणूनच माणसावर ती लादली जाताना त्यांना इतकं नेमकं दिसलं. १९२४ मध्ये कादंबरी न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. मायदेशात ती छापायला १९८८ उजाडलं. लेखक १९३७ मध्येच पॅरिसला वारले होते.

शेवटी डी-५०३ च्या मेंदूतली कल्पनाशक्ती क्ष-किरणांनी जाळली जाते. आय-३३० चा छळ तो शांतपणे बघतो. वहीतलं अक्षर आपलंच आहे हे त्याला कळतं, पण ते सगळं आपल्याला वाटलं होतं हे काही पटत नाही. मृत्यूपेक्षा हे मला भयंकर वाटतं.

आय-३३० वर पुष्कळ लिहिलं जातं. माझा जीव ओ-९० मध्ये गुंततो. ठरलेल्या मापाहून ती दहा सेंटीमीटर बुटकी, म्हणून तिला आई होण्याची मनाई. ती बंडाची भाषा बोलत नाही. तिला फक्त मूल हवंय. डी-५०३ चं मूल पोटात घेऊन ती शहराभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडे निघून जाते. त्या मुलाचं पुढे काय झालं, ते कादंबरी सांगत नाही. ते जगलं, असंच मी धरून चालते.