बरी आहे

बेंगळुरात जे. पी. नगरच्या दुसऱ्या फेजमध्ये राहण्याचं एक सुख म्हणजे रंगशंकरा नाट्यगृह. तिथलं नाटक साडेसातला म्हणजे साडेसातलाच सुरू होतं, उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी जायचे, आधी तिथला साबुदाणा वडा खायचे. आता तीच माझी कामाची वेळ झाली आहे. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे रात्रीचे आठ. बेडरूमचं दार लावून, पंखा बंद करून मी हेडफोन चढवते. त्या वेळात कुकर लावायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे.

मी दुभाषी आहे, इंग्रजी-मराठी. बहुतेक कामं कंटाळवाणी असतात: दातांचा दवाखाना, विम्याचा दावा, शाळेतली पालकसभा. पण मधूनच एखादं बोलावणं वेगळं असतं. पडद्यावरच्या एका चौकोनात मानसशास्त्रज्ञ, दुसऱ्यात मराठी बाई आणि तिसऱ्यात कॅमेरा बंद ठेवलेली मी. व्हिसाच्या अर्जाला जोडायचं मानसिक मूल्यमापन.

अशा बहुतेकजणी एच-४ व्हिसावर गेलेल्या असतात, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची बायको म्हणून. तिचं तिथलं राहणंच लग्नाला बांधलेलं. घटस्फोट झाला की तो आधार गेला. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत बरेच पुढे गेलेल्यांच्या बायकांना २०१५पासून नोकरी करता येते, बाकीच्या घरीच. घरात मार खाणाऱ्या बाईने पोलिसांना कळवलं, तपासाला मदत केली, तर २०००च्या कायद्याने आलेल्या यू व्हिसासाठी तिला अर्ज करता येतो. पण वर्षाला मुख्य अर्जदारांना मिळतात १०,०००च, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. शिवाय छळाने शरीराला किंवा मनाला मोठी इजा झाली, हे तिने दाखवायचं. वकील गाठेपर्यंत वळ गेलेले असतात. मग मनाचा अहवाल.

पुढे जी बाई येते तिच्यात तीन-चार जणी मिसळल्या आहेत. कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. भाषा मात्र ठेवली आहे.

सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ सांगते, "मी तुमच्यावर उपचार करणार नाही. तुम्ही सांगाल ते अहवालात जाईल." मी ते मराठीत सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "उपचार करणार नाहीत, मग यांना कशाला सांगायचं?" मला मनात हसू आलं, पण प्रश्न जसाच्या तसा पलीकडे पोहोचवला. दुसरा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. "मला वेडी ठरवतील का? पोरगी काढून घेतील." सोलापुरात आमच्याकडे भांडणात 'येरवड्याला पाठवा' म्हणायचे, इथे बेंगळुरात निम्हान्सचं नाव घेतात. त्या बाईच्या कानातही असलंच काहीतरी असणार. इमिग्रेशन खात्याला तुमच्या फाइलमधली माहिती छळ करणाऱ्या नवऱ्याला देता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे, असं मानसशास्त्रज्ञाने सांगितलं. मुलीच्या ताब्याबद्दल वकिलांशी बोला म्हणाली. खोटा धीर दिला नाही, ते मला आवडलं.

मग प्रश्नावली. नैराश्य मोजायची ती नऊ प्रश्नांची असते: गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं? शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त २७. झोप? "लागते तशी." भूक? "आहे की." मन उदास? "नाही, बरी आहे मी." सात-आठ प्रश्नांत तीन वेळा 'बरी आहे'. माहेरच्या फोनवर, सासूला, शेजारणीला आपण सगळ्याच जे सांगतो तेच ती एका परक्या बाईला सांगत होती, आणि पलीकडे शून्य, शून्य, एक असे आकडे पडत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हिचं 'बरी आहे' खरं धरू नका. दुभाष्याला ते करता येत नाही. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. फारच अडलं तर स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करून म्हणायचं, 'दुभाषी खुलासा करू इच्छिते.' मी ते जपून वापरते. नाहीतर दुभाषीच वकील होते.

सुदैवाने मानसशास्त्रज्ञाने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "संध्याकाळ कशी जायची?" तेव्हा बांध फुटला. गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज आला की पोटात खड्डा पडायचा. हातपाय गळायचे. भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवायचं नाही. आता वेगळं राहते, तरी शेजाऱ्यांचं गॅरेज उघडलं की तेच. आपल्या बायकांचं दुःख पोटात, छातीत, हातापायांत राहतं. त्याला 'नैराश्य' म्हणणं त्यांना परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटतं. २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या अमेरिकन पोथीत, १६ प्रश्नांची एक मुलाखत आहे. तुमचा त्रास तुमच्या माणसांना तुम्ही कसा सांगाल, हेही त्यात विचारलेलं आहे. ते विचारायला सवड किती जणांना असते, हा भाग वेगळा.

बोलता बोलता ती म्हणाली, "जीव नकोसा झाला होता." आता मराठीत उन्हानेही जीव नकोसा होतो, सोलापुरात तर मार्च ते जून रोजच. 'हा फक्त बोलण्यातला वाक्प्रचार आहे', हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तरी आधी शब्दशः सांगितलं, आणि मग 'दुभाषी खुलासा करू इच्छिते' म्हणून एवढंच की याचे दोन अर्थ होतात, एक साधा, एक गंभीर. मानसशास्त्रज्ञाने सरळ विचारलं, "मरावंसं वाटलं होतं का?"

बराच वेळ काही आवाज नाही.

"एकदा ठरवलं होतं. तेवढ्यात पोरगी उठली आणि दूध मागितलं. मग राहिलंच."

सांगताना माझा आवाज स्थिर होता, असं मला वाटतं. पुढची वीस मिनिटं मानसशास्त्रज्ञ फक्त त्याबद्दल विचारत होती: आता तसे विचार येतात का, जवळ कोण असतं, रात्री फोन कुणाला करता. प्रश्नावलीतला नववा, मरणाच्या विचारांबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि या वेळी आकडा वेगळा पडला.

आणखी एक गोष्ट अहवालात कुठेच नसणार. दीड तास ती नवऱ्याला 'हे' म्हणत होती. "हे चिडायचे. ह्यांनी केस धरले. हे म्हणाले, तुझा व्हिसा माझ्या हातात आहे." मारणाऱ्यालाही आदरार्थी क्रियापद. गाफील राहिलं तर 'मारायचे'चं अनेकवचन होऊन सासूही आरोपी होईल, म्हणून मी फार सावध असते. ते दुधाचं सांगून झाल्यावर तिने पाणी प्यायलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं, "त्या दिवशी तो घरी आला..."

तो.

इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मी तोच वापरला. खुलासा करू का, असं क्षणभर मनात आलं, तोवर ती पुढच्या वाक्यावर पोहोचली होती. तिथून शेवटपर्यंत 'तो'च होता.

बिलात लिहिलं, एक तास पन्नास मिनिटं. बाहेर आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," म्हटलं, आणि कुकर लावला.