शेजारचीं दोन उपाहारगृहें

घरांत अन्नपूर्णा नांदत असतां नवरा-बायकोनें महिन्यांतून एकदां बाहेर जाऊन जेवावें, या चालीविषयीं वडील मंडळींचें मत अजून फारसें अनुकूल झालेलें नाहीं. घरचा स्वयंपाक आल्यागेल्याला चालतो, आजाऱ्याला चालतो. मग या दोघांनाच कां चालूं नये, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. आम्ही दादरच्या हिंदु कॉलनींत बारा माणसांच्या एकत्र कुटुंबांत राहतों, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं आम्ही उभयतां किंग्ज सर्कलपर्यंत चालत जाऊन जवळजवळच्या दोन उपाहारगृहांत मिळून एक जेवण जेवून येतों. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस भाग आहे.

बाहेर खाण्याचा प्रश्न आपल्या समाजांत एके काळीं किती गहन होता, हें वाचकांस ठाऊकच आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाहि ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि शेवटीं प्रायश्चित्तावर आलें. पुढें शहरोशहरीं हॉटेलें निघालीं. पण कांहींच्या दारावर आंत कोणीं यावें याची पाटी असे. १९५० सालीं राज्यघटना अंमलांत आली, आणि तिच्या पंधराव्या अनुच्छेदानें उपाहारगृहांच्या दारांतील जातीची ही अडसर कायद्यानें काढून टाकली. स्त्रियांसाठीं इराण्याच्या व उडुप्याच्या हॉटेलांतून फळ्यांचा आडोसा केलेली 'फॅमिली रूम' असे. तिचीहि गरज हळूहळू उरली नाहीं. कोणीं कोणाबरोबर जेवावें, याचा निकाल असा लागला. परंतु घरच्या घरीं कोणीं केव्हां जेवावें, हा प्रश्न कोणत्याच कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं.

आमच्या घरची रीत इतर घरांसारखीच होती. आधीं मुलें, मग वडील माणसें, मग पुरुषमंडळी, आणि सर्वांचें आटोपल्यावर वाढणाऱ्या. तव्यावरची पोळी पानांत पडे ती दुसऱ्याच्या. स्वतःच्या पानांत येई ती निवलेली. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. उलट 'तुम्हीहि बसा ना' असें म्हणण्याचा पाठ सर्वांना होता, आणि 'तुमचें होऊं द्या' हें त्याचें उत्तरहि सर्वांना पाठ होतें. परिणाम एवढाच कीं, लग्नाला एकवीस वर्षें झालीं तरी आम्ही उभयतांनीं समोरासमोर बसून एका वेळीं पहिला घांस घेतला, असा प्रसंग घरांत क्वचितच आला असेल.

माटुंग्याची निवड आम्हीं कां केली, तेंहि सांगतों. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईंत सुधार ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्यानेंच पुढें दादर-माटुंग्याची ही रुंद रस्त्यांची, झाडांच्या सावलीची वस्ती आंखली. दक्षिणेकडून नोकरीसाठीं आलेलीं अनेक कुटुंबें माटुंग्यास स्थायिक झालीं, व त्यांच्यामागोमाग त्यांचें जेवणखाणहि आलें. उडुपीच्या श्रीकृष्णाच्या देवळाभोंवतीं वाढलेली शुद्ध शाकाहारी पाकपरंपरा ए. रामा नायक यांच्यासारख्यांनीं येथें रुजविली. त्यांचें कॅफे म्हैसूर १९३६ सालचें, आणि स्टेशनाजवळचें केळीच्या पानावर जेवूं घालणारें बोर्डिंग १९४२ सालचें. किंग्ज सर्कलच्या बागेचें नांव आतां महेश्वरी उद्यान आहे. तिच्या आसपासच हें कॅफे म्हैसूर आणि दुसरें कॅफे मद्रास, अशीं दोन्हीं आहेत.

एक असतां दोन कशाला, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. कारण अगदीं व्यावहारिक आहे. या ठिकाणीं शनिवारीं संध्याकाळीं दारापाशीं नांव सांगून पदपथावर तिष्ठावें लागतें. आणि जागा मिळाल्यावर, बाहेर लोक उभे आहेत हें दिसत असतां, रिकाम्या बशीपुढें बसून राहणें बरें वाटत नाहीं. म्हणून इडली व डोसा आम्ही पहिल्या ठिकाणीं खातों. मग उठून बागेला एक फेरा घालतों, आणि अननसाचा शिरा व कॉफी दुसऱ्या ठिकाणीं घेतों. एका जेवणाच्या अशा दोन पंगती होतात, आणि मध्यें चालावयास व बोलावयास मोकळा वेळ सांपडतो.

पहिल्या खेपेस डोसा प्रथम आमच्या सौभाग्यवतींपुढें आला. त्यांनीं बशी हळूच आमच्याकडे सरकविली. वाढणाऱ्यानें ती उचलून पुन्हां त्यांच्यापुढें ठेविली आणि म्हणाला, "अम्मा, त्यांचा येतोय. तुम्ही खाऊन घ्या, थंड होईल." त्यांनीं एक तुकडा मोडला, आणि भाजल्या बोटांवर फुंकर घालीत त्या हंसल्या. पोळीचा चटका हाताला रोज बसत होता. गरम घांसाचा चटका जिभेला बसावयास मात्र किंग्ज सर्कलपर्यंत यावें लागलें.

पण खरी गोष्ट घडली ती बागेच्या फेऱ्यांत. आमची जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा विचार चालू आहे. नव्या इमारतींत दोन भावांनीं दोन वेगळीं बिऱ्हाडें घ्यावींत कीं एकच मोठें घर मागावें, यावर आमच्या दिवाणखान्यांत महिनोन् महिने चर्चा झाली होती. त्या चर्चेला स्त्रिया चहा घेऊन येत व कप घेऊन जात. त्या संध्याकाळीं आम्हीं विचारलें, "तुझ्या मनांत काय आहे?" वेगळें घर, असेंच उत्तर येईल अशी आमची अटकळ होती. त्या दहा-बारा पावलें कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मला वेगळें घर नको. आईंना आणि जाऊबाईंना सोडून मला करमणार नाहीं. पण नव्या घरांत जेवायची जागा मोठी घ्या. वाढणारीलाहि बसतां येईल एवढी."

हें वाक्य आम्हीं जसेंच्या तसें मातुःश्रींच्या कानांवर घातलें. त्या बराच वेळ जपाची माळ नुसतीच हातांत धरून बसल्या. नंतर म्हणाल्या, "माझा सगळा जन्म शेवटच्या पंगतींत गेला. कोणीं विचारलें नाहीं, मीहि बोललें नाहीं. तिनें बोलून दाखवलें, हें बरें केलेंन्. त्याला नवी इमारत कशाला व्हायला हवी?"

दुसऱ्या दिवसापासून पोळ्या आधीं करून डब्यांत झांकून ठेवण्यांत येऊं लागल्या. आमटी, भात, भाजी मध्यें मांडून साडेआठला सर्व बारा पानें एकदम बसतात, आणि हवें तें ज्याचें त्यानें वाढून घ्यावें असा नियम झाला आहे. पोळी पहिल्याइतकी ऊन मिळत नाहीं, म्हणून धाकटे बंधु आठवडाभर कुरकुरले; मग तेहि विसरले. मुलांना मात्र ही नवी रीत जणूं फार जुनीच असावी, अशी ती अंगवळणी पडली.

वडील मंडळींच्या प्रश्नाला आमचें उत्तर हें असें आहे. नवरा-बायको दोन घटका बाहेर गेलीं म्हणजे घरापासून तुटतात, असें नाहीं. बारा माणसांच्या घरांत प्रत्येक बोलणें बारा जणांच्या कानांवर जातें. म्हणून कांहीं बोलणीं कोणाच्याच कानांवर जात नाहींत, आणि मनांत राहून आंबतात. अशा बोलण्याला रस्त्यावरची एखादी फेरी लागते. तें बोलणें घरीं परत आलें, तर घर मोडत नाहीं. उलट पानें मांडावयास जागा होते.

यावर मातुःश्रींनीं स्वतःच एक पुरवणी जोडली आहे. महिन्याचा चौथा शनिवार त्यांनीं धाकटे बंधु व भावजय यांस नेमून दिला आहे. त्या संध्याकाळीं त्यांच्या दोन्हीं मुलांना जेवूं घालून निजविण्याचें काम आमच्याकडे असतें, आणि निघतांना मातुःश्री भावजयीला बजावतात, "डोसा आला कीं आधीं तूं खा."